‘जेटी नंबर नऊ’बद्दल नाटेकरांचं मत

नाटे, ता. राजापूर
१६ जून १९८६

ती. रावजीदादास,
दत्तारामचा नमस्कार.

परवा शनिवारी दुपारी माझं आयुष्य फिरलं. टीव्हीवर जगन जेटीवरच्या पिंपांमागे दबा धरून बसलेला, हातात पिस्तूल, सगळीकडे धुकं, आणि मागून एक मुलगी उठून म्हणाली, "थांबव. मागे घे ते."

आता पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तू म्हणशील, कॉलेज सोडल्यापासून ह्याचं डोकं ठिकाणावर नाही.

तू पाठवलेला कॅसेटचा लाल खोका मिळाला. ‘जेटी नंबर नऊ, खास घरगुती आवृत्ती, थिएटरात कापलेल्या वीस मिनिटांसह.’ दादा, मी खोका उशाशी घेऊन झोपलो. तुला ठाऊक आहे, हा पिक्चर मी रत्नागिरीला मॅटिनीला किती वेळा पाहिला ते मोजणंच सोडलं होतं. तो पहिल्या आठवड्यात पडलेला पिक्चर. पण पुढे सात-आठ वर्षं पोरं मॅटिनीला डायलॉग जगनच्या आधी म्हणायची. "समंदर गवाही नहीं देता, इन्स्पेक्टर!" ह्याच डायलॉगवरून वर्गात आमच्या सरांशी वाजलं आणि मी सेकंड इयरची वही बाकावर टाकून निघून आलो. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

सध्या बोटी वर ओढलेल्या आहेत, अख्खं गाव घरी बसून आहे, त्यामुळे व्हिडिओ सेंटर जोरात. सेंटर म्हणजे आमचा जाळी ठेवायचा मांगर आणि शिवाकाकाने मस्कतहून आणलेला व्हीसीआर. शनिवारी दुपारी फक्त बायकांचा शो असतो. पुरुष म्हणून मी एकटा, तोही मशीन चालवायला.

तर तो नवा भाग. थिएटरात काय होतं? जगनची चंपा ठरल्या वेळी जेटीवर येतच नाही, तो एकटाच बोट घेऊन निघतो आणि गोळी खातो. इतकी वर्षं आम्ही सगळ्यांनी चंपाला शिव्या घातल्या. आणि ह्या कॅसेटमध्ये काय दिसतं? चंपा आलेली असते! गाठोडं घेऊन उभी राहते. जगन पिंपांमागून तिला बघत राहतो आणि पुढे येत नाही. तिला आपल्या काळ्या धंद्यात ओढायचं नाही म्हणून. केवढा त्याग!

तेवढ्यात ही बया म्हणते, मागे घे. घेतलं. पुन्हा बघितलं. म्हणते, अजून एकदा. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर म्हणाली, "हा तर घाबरट हाय."

दादा, माझा पारा चढला. मी म्हटलं, "ज्यांना कळत नाही त्यांनी पिक्चर बघू नये." ती चप्पल शोधायला लागली. तिच्यामागे एकेक करून सगळ्या बायका उठल्या. जाता जाता येसूबाई म्हातारी म्हणाली, "मेल्या, गिऱ्हाइकाशी असा बोलतात?"

मांगर रिकामा झाला, आणि टीव्हीवर जगन एकटाच गोळी खाऊन पडला.

ती कोण, ते विचारू नकोस. नाव सांगणार नाही. एवढंच सांगतो की गेलं वर्षभर शनिवार आला की मी दुपारी दाढी करतो.

तुझा,
दत्ताराम


परळ, मुंबई
२४ जून १९८६

चि. दत्तारामास,
रावजीचे आशीर्वाद.

पत्र वाचताना माझा चेहरा बघून शेजारच्या टेबलावरचा माणूस विचारायला लागला, घरी सगळं ठीक ना? म्हटलं, ठीक आहे, मावसभावाचं मांगरात भांडण झालंय.

ते मुलीचं प्रकरण तुझं तू बघ. मी खोका पाठवला तो तुझं प्रेम जुळावं म्हणून नव्हे. आमच्या कंपनीने ह्या आवृत्तीवर बरेच पैसे घातलेत आणि साहेब रोज माझ्या डोक्याशी उभे असतात. दुसऱ्या खेपेच्या खोक्यावर मागच्या बाजूला प्रेक्षकांची मतं छापायची आहेत. मुंबईतली मतं आली, ती सगळी सारखीच: अप्रतिम, अविस्मरणीय, थरारक. साहेब म्हणाले, ही काय खरी माणसं बोलल्यासारखी वाटत नाहीत. मी फुशारकी मारून बसलो की आमच्या नाटे गावची मतं मागवतो. तेव्हा लोकांना विचार आणि जसं बोलतील तसं लिहून पाठव. तुझ्या पदरचं त्यात काही घालू नकोस. चित्र कसं दिसतं, आवाज कसा आहे, नवी वीस मिनिटं आवडली की नाही, सगळं हवं.

आणि बायकांची माफी माग. शनिवारचा शो बंद पडला तर शिवाकाका तुझ्याऐवजी मशीनच्या मागे मांजर बसवील.

माझ्याकडे विशेष काही नाही. पूर्णगडहून आई लग्नासाठी मागे लागली आहे. ह्या वेळी काहीतरी खरंच चालवलंय तिने. जमलं तर कळवीन, नाही जमलं तर तू विचारू नकोस.

कमळामावशीला नमस्कार सांग.

तुझा,
रावजी


नाटे
४ जुलै १९८६

ती. रावजीदादास,
नमस्कार.

माफी मागितली नाही. पण शनिवारचा शो फुकट ठेवला, त्यामुळे सगळ्या आल्या. ती पण आली. माझ्याकडे बघितलं नाही.

मतं घे. एक शब्द बदललेला नाही.

येसूबाई: "सुरुवातीला तो चष्मेवाला किती वेळ बोलत व्हता. कोण तो?" मी म्हटलं, डायरेक्टर, त्यानेच पिक्चर बनवला. "मग बनवलान ना? आता बोलतोय कशाला? जेवला नसेल."

शिवाकाका: थिएटरात रात्र काळी होती, कॅसेटमध्ये रात्र हिरवी आहे, विहिरीतल्या शेवाळासारखी. माणसं ओळखू येतात, पण आजारी वाटतात. शिवाय पहिली कॅसेट ऐन गाण्याच्या मधोमध संपते. नायिकेने तोंड उघडलेलं असतं आणि मी उठून दुसरी घालेपर्यंत लोक स्वतःच गाणं पुरं करतात.

जनी: जगन समुद्रात उडी मारतो आणि बाहेर येतो तेव्हा भांग जसाच्या तसा. तिला ते तेल कुठलं ते हवंय. कंपनीला विचारून कळव, रोज विचारते.

पुरुषांच्या शोला सगळ्यांचं एकच मत पडलं. ते महिपत तांडेल बोलले, बाकीच्यांनी माना डोलावल्या: "पिक्चर बरा हाय. पण जगनाने ती बोट चोरलीन, ती कुणाची व्हती? त्या बिचाऱ्याचा पुढे काय झाला? आमाला वाटला, वीस मिनिटं वाढवली म्हंजे ता तरी दाखवतील. सोन्याच्या पेट्या सापडल्या, इन्स्पेक्टरला मेडल मिळाला, बोट गेली ती गेलीच." त्यावर एवढी चर्चा झाली की इन्स्पेक्टरचं भाषण कोणी ऐकलंच नाही. बोटवाल्याने तक्रार केली असेल का, त्याचं कर्ज असेल का, जाळी आत होती का. बघ, छापता आलं तर.

गुणवंती, म्हणजे महिपत तांडेलांची बायको: रडू आलं, पण कुठे आलं ते आठवत नाही.

बकुळा: हिचं म्हणणं सविस्तर लिहितो, कारण ते चुकीचं आहे आणि चुकीचं आहे हे तुम्हालाही दिसावं. ती पिक्चर संपल्यावर थांबली. मी विचारलं, मत? ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, हिरवी साडी होती, केसांत काही नव्हतं. म्हणाली, "माझं मत ऐकून तुला राग येतो." मी म्हटलं, कंपनीने विचारलंय, मी नाही. तेव्हा म्हणाली, "इतकी वर्षं सगळे चंपाला नावं ठेवत व्हते, ती आली नाय म्हणून. ती आली व्हती. धुक्यात, गाठोडं घेऊन, लोकांदेखत उभी राह्यली. आणि हा पिंपामागे. बारा माणसं उडवलीन, इन्स्पेक्टरच्या थोबाडीत मारलान, पण एका बाईला ‘येतेस का’ म्हणून विचारायला ह्याची जीभ जड. ती नको म्हणाली असती तर म्हणाली असती. विचारायचं तरी. मनातल्या मनात तिचं भलं ठरवून हा मेला, आणि वर लोकांनी टाळ्या मारल्या." मग म्हणाली, "पिंपामागनं बघणारी माणसं मला आवडत नाहीत." एवढं बोलून माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच जगन. मग गेली.

आता सांग, ह्यात माझा काय दोष? पिक्चर मी बनवला नाही. मी तर मशीनच्या मागे गप्प बसलेला असतो. दर शनिवारी तिथूनच बघतो.

त्याग नावाची गोष्ट ह्या मुलीला समजावून सांगणारा कोणी नाही गावात. मी समजावणार होतो, पण ती फार भरभर चालते.

तुझा,
दत्ताराम


(पोस्टकार्ड)

परळ, १२ जुलै

चि. दत्ताराम, मतं मिळाली. साहेब येसूबाईंचं वाचून खुर्चीतून पडायचे बाकी होते. पुढचं उलटटपाली कळव: बकुळा म्हणजे महिपत तांडेलांचीच मुलगी का? हनुवटीवर तीळ आहे का? महत्त्वाचं आहे. रावजी.


नाटे
१८ जुलै १९८६

रावजीदादास,

हो, महिपत तांडेलांचीच. तीळ हनुवटीवरच आहे, जरासा डावीकडे, हसली की किंचित वर सरकतो.

पण तुला तीळ कसा माहीत? मी पत्रात लिहिला नव्हता, मी ते पत्र चार वेळा मनात आठवून पाहिलं. तेव्हा मला सगळं कळलं आहे. कंपनीने तिचा फोटो मिळवलाय, आणि खोक्यावर मतासोबत फोटो छापायचा बेत आहे!

दादा, तू माझ्यापेक्षा मोठा, मान ठेवतो, पण एक लक्षात ठेव. नाट्याच्या मुलीचा फोटो त्या लाल खोक्यावर, त्या पिस्तूलवाल्या जगनच्या शेजारी, मुंबईच्या फुटपाथवर कोणीही उचलून बघायचा, हे मी चालू देणार नाही. मी स्वतः तिथे येईन आणि तुझ्या साहेबांच्या टेबलावरचे सगळे खोके खिडकीतून खाली टाकीन. तुझी नोकरी गेली तरी मी थांबणार नाही. नंतर माफी मागीन.

फोटो ताबडतोब परत पाठव. माझ्याकडे पाठव. मी पोचवतो.

दत्ताराम

ता. क. गेल्या शनिवारी तिने शोनंतर विचारलं, कंपनीला माझं मत कळवलंस काय? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "आणि तुला?" मी म्हटलं, मला काय? ती म्हणाली, "काय नाय." बायकांचं बोलणं सरळ का नसतं?


परळ, मुंबई
२८ जुलै १९८६

चि. दत्ताराम,

तुला बैल म्हणणार होतो, पण बैलाला निदान कासरा ओढल्यावर कळतं.

शांत बसून वाच. सगळ्यांची मतं तू दोन-चार ओळींत लिहिलीस आणि एका मुलीचं दीड पान, वर साडीचा रंग. तेव्हाच मी समजलो की शनिवारची दाढी कुणासाठी. पण त्याहून मोठी गोष्ट आहे ती ऐक.

फोटो कंपनीकडे नाही. माझ्याकडे आहे. गेला दीड महिना माझ्या पाकिटात आहे. आईने पूर्णगडहून पाठवला. मागे लिहिलंय: "बकुळा, नाट्याच्या महिपत तांडेलांची." आईने चालवलंय म्हणालो, ते हेच. नारळी पौर्णिमेला आई नाट्याला यायची आहे, सुपारी फोडायला.

खोटं बोलत नाही, मला मुलगी आवडली आहे. फोटोत आवडली होती आणि तिचं मत वाचून जास्त आवडली. आमच्या ऑफिसात एवढे शिकलेले लोक, पण ती वीस मिनिटं कोणाला समजली नव्हती. साहेबांनी तिचं मत मोठ्याने वाचून दाखवलं आणि सगळ्यांनी कॅसेट पुन्हा लावायला सांगितली. मीसुद्धा. मी दुसऱ्याच कारणाने.

कारण दत्ताराम, ते मत पिक्चरवर नाही. ती दाराशी उभी राहून, तुझ्या तोंडावर, तुलाच सांगत होती. वर पुन्हा येऊन विचारलं, तुला कळलं का. आणि तू मशीनच्या मागून म्हणतोस, मला काय?

तेव्हा माझं म्हणणं ऐक. मी आईला अजून काही लिहिलेलं नाही. तुझ्यासाठी त्याग वगैरे मी करणार नाही, त्या प्रकाराबद्दल तिचं मत आपण दोघांनीही वाचलंय. तू जाऊन विचार. ती तुला हो म्हणाली तर मी बाजूला. नाही म्हणाली, किंवा तू पौर्णिमेपर्यंत विचारलंसच नाहीस, तर मी आईबरोबर नाट्याला येतोय, नवीन शर्ट शिवायला टाकलाय.

आणि पिस्तूलवाल्या जगनच्या शेजारी महिपत तांडेलांचं बोटीबद्दलचं मत छापलं जाणार आहे. तेवढं त्यांना सांग. उपयोगी पडेल.

रावजी


नाटे
२१ ऑगस्ट १९८६

ती. रावजीदादास,
साष्टांग नमस्कार. मागच्या पत्रात नमस्कार लिहिला नव्हता, तोही ह्यातच धर.

तार मिळाली असेल. "विचारलं. शर्ट राहू दे." एवढ्या कमी शब्दांत ह्याहून जास्त येईना. पोस्टमास्तरांनी तर दोनदा विचारलं, शर्ट म्हणजे काय?

तुझं पत्र वाचलं आणि आधी रागच आला. तुझ्यावर, मग आनंदीमावशीवर, मग माझ्यावर. घरात जाऊन आईला म्हटलं, "बकुळेचं स्थळ रावजीदादाला चाललंय हे तुला ठाऊक होतं?" आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "ठाऊक म्हंजे? मीच तर सुचवलं आनंदीला. इतकी चांगली पोर, घरातल्या घरात रावजीला मिळाली तर बरी." मी म्हटलं, घरातल्या घरात मी दिसलो नाही तुला? तिने सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. "तू? तू त्या जगनाशी लगीन लावतोस की काय असा वाटत व्हता मला."

तसाच निघालो. बकुळा पडवीत जाळं शिवत बसली होती. मी वाटेत तीन वाक्यं जुळवली होती, एकही आठवलं नाही. म्हटलं, "बकुळा, माझ्याशी लग्न करशील काय?"

तिने दोरा तोडला. म्हणाली, "एवढं विचारायला जून गेला."

मी म्हटलं, "जुलैपण गेला."

"तेच म्हणत्ये," ती म्हणाली, आणि हसली. तीळ वर सरकला. दादा, हो म्हणाली ती. शब्दाने म्हणाली. मी पुन्हा विचारून खात्री करून घेतली, तेव्हा म्हणाली, "आता काय हेपण मागे घेऊन दाखवू?"

तेवढ्यात आतून महिपतकाका बाहेर. "माझ्या पडवीत, माझ्या पोरीला, मला न विचारता?"

माझं डोकं तुला माहीत आहे. मी म्हटलं, "तुम्हालापण विचारणारच आहे. पण लग्न तिला करायचंय, म्हणून आधी तिला." गुणवंतीकाकी दारात कपाळाला हात लावून उभी. मला वाटलं, आता वल्हं पाठीत बसणार. काका ओट्यावर बसले. म्हणाले, "समुद्रात कधी गेलास?"

"लहानपणी."

"ओकलास?"

"हो."

"कॉलेज का सोडलास?"

मी खरं ते सांगितलं. सरांशी भांडलो, एका डायलॉगवरून. काकांनी पाय ओट्यावर घेतले. मग म्हणाले, "बघ बाळा, व्हिडिओ चांगला हाय, मी पण बघतो. पण तू कॉलेज अर्ध्यात टाकलास. उद्या राग आला तर काय काय टाकशील? नारळ दिला की माझ्या बोटीवर ये. शिमग्यापर्यंत. बोट अर्ध्यात टाकता येत नाय, चारी बाजूनी पाणी असता. टिकलास तर शिमग्याला सुपारी. आनंदीबायला मी समजावतो."

मी तोंड उघडण्याआधी बकुळाच म्हणाली, "बाबा, तो पळायचा नाय. ओकेल फक्त."

तुमच्या खोक्यावर त्यांचं बोटीबद्दलचं मत छापणार, ते मी नंतर सांगितलं. उपयोगी पडलं नाही. म्हणाले, "म्हंजे त्या बोटवाल्याची बोट परत मिळाली?" नाही म्हटल्यावर मान हलवून आत गेले.

पौर्णिमेला मावशी आली होती. आधी रागावली, मग जेवली, मग आईशी भांडली, मग दोघी मिळून माझ्यावर घसरल्या. जाताना बकुळेच्या हातावर साडी ठेवून गेली. दादा, तू तिला काय लिहिलंस ते मला माहीत नाही. तिने सांगितलं नाही. एवढंच म्हणाली की रावजी गेल्या आठवड्यापासून ताप आल्यासारखा लिहितो. तुला किती जड गेलं ते मी विचारत नाही, पण तू मला सरळ सांगितलंस, पाकिटातली गोष्ट समोर ठेवलीस. पिंपामागे राहिला नाहीस. माझ्यात ते धैर्य तुझ्यामुळे आलं. हे लिहिताना हसू नकोस.

सेंटर आता बकुळा चालवणार, शिवाकाकाने होकार दिलाय. काल तिला सगळी बटणं दाखवली. तिने पहिल्यांदा ‘मागे’चं बटण विचारून घेतलं. शनिवारच्या शोला तिने आत्ताच जाहीर केलंय, प्रत्येक पिक्चरनंतर मतं द्यायची, आणि मधे कोणी पुरुष बोलला तर बाहेर.

मी हे मांगरात बसून लिहितोय. कपड्यांची पिशवी भरून ठेवली आहे, आईने त्यात आल्याचा तुकडा आणि लिंबं घातलीत. परवा नारळ दिला, आज भरती लागली की बोट सुटणार. खाडीत पाणी चढायला लागलंय. आल्याचा तुकडा मी आत्ताच तोंडात टाकलाय, अजून जमिनीवर असताना. महिपतकाका खालून ओरडतायत, "जावई व्हायचा असेल तर ये, नायतर आमी निघालो!" आणि खाली सगळी बोट हसतेय.

पत्र पोस्टात टाकायला बकुळेकडे देतो. बल्ब बंद करतो. पिशवी खांद्याला लावतो. मी बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.

तुझा,
दत्ताराम